पाय कुठपर्यंत असतो

जर्मन शिकायला बसले तेव्हा माझ्या वहीत दोन रकाने होते. डावीकडे जर्मन शब्द, उजवीकडे इंग्रजी. क्लासमध्ये पहिल्याच दिवशी तसं सांगितलं होतं: मराठी बाजूला ठेवा, इंग्रजी आणि जर्मन बहिणी आहेत, एकीवरून दुसरी लवकर येते. सांगणाऱ्यांनी ते चांगल्या मनाने सांगितलं असणार. दोन्ही भाषा एकाच घराण्यातल्या आहेत, हेही खरं. पण त्या दोन रकान्यांनी माझे सहा-सात महिने खाल्ले, असं आज मला स्पष्ट दिसतं.

मी कुडाळजवळच्या एका गावातली. घरात मालवणी, शाळेत मराठी, टीव्हीवरून हिंदी आणि नर्सिंगच्या अभ्यासाला इंग्रजी. मोजायला गेलं तर जर्मन पाचवी. पण बाकीच्या भाषा कधी आल्या ते आठवतच नाही. मोठेपणी ठरवून शिकलेली, जिच्यासाठी पगारातले पैसे मोजले आणि रात्री जागले, अशी ही पहिलीच. कोल्हापुरात चार वर्षं वॉर्डात काम केल्यावर जर्मनीला जायचं ठरवलं. तिथे नर्स म्हणून मान्यता मिळवायची तर बी-टू पातळीपर्यंत भाषा हवी. युरोपात भाषेच्या सहा पायऱ्या मानतात, ए-वनपासून सी-टूपर्यंत. बी-टू ही चौथी. जून 2021 मध्ये ऑनलाइन क्लास सुरू केला. दुपारची ड्यूटी असली की सकाळी क्लास, सकाळची असली की रात्री.

ए-वन, ए-टू पार पडलं. गाळलेल्या जागा भरता यायच्या, पण तोंड उघडत नव्हतं. कोणी साधं काही विचारलं तरी आधी मनात मराठी वाक्य यायचं, त्याचं इंग्रजी करायचं आणि इंग्रजीचं जर्मन. तोवर विचारणारा पुढे गेलेला असायचा.

बी-वनला मी क्लास बदलला. पुण्यातल्या एक निवृत्त शिक्षिका घरूनच चार-पाच जणांना शिकवत होत्या. आम्ही त्यांना बाई म्हणायचो. पहिल्याच तासाला त्यांनी विचारलं, तिकडच्या हिवाळ्यात काय म्हणशील? मी म्हटलं, 'इश बिन काल्ट.' आय ॲम कोल्ड, शब्दाला शब्द. बाई म्हणाल्या, "अगं, ह्याचा अर्थ होतो, मी थंड आहे. मायाममता नसलेल्या माणसाबद्दल बोलल्यासारखं होतं ते. घरी थंडी वाजली की आईला काय सांगतेस?"

"माका थंडी वाजता."

"मग 'माका'च म्हण की! 'मीर' म्हणजे माका. मीर इस्ट काल्ट."

त्या रात्री वहीत तिसरा रकाना आखला आणि जुनी पानं पुन्हा काढली. मीर गेफेल्ट दास: मला ते आवडतं. मीर इस्ट श्लेश्ट: मला मळमळतंय. मीर फेल्ट निश्ट्स आइन: मला काही सुचत नाही. इंग्रजीत ही सगळी 'आय'ची वाक्यं, म्हणून मी ती अपवाद म्हणून पाठ करत होते, त्यांची यादी करून भिंतीवर चिकटवली होती. आणि आमच्याकडे आवडणं, सुचणं, दिसणं, आठवणं, थंडी वाजणं हे सगळं 'मला'च होतं. जे वळण जन्मापासून जिभेवर होतं ते मी परक्या भाषेतून अपवाद म्हणून शिकत बसले होते.

मग वाक्यरचना. जर्मनमध्ये क्रियापद कधी दुसऱ्या जागी तर कधी शेवटी जातं आणि त्याची शिकणाऱ्यांना फार धास्ती असते. 'वाइल'ने, म्हणजे 'कारण'ने सुरू होणाऱ्या वाक्यात क्रियापद शेवटी टाकायचं, हा नियम मला पाठ होता. बोलताना मात्र ते दर वेळी मध्येच यायचं. बाईंनी फळ्यावर दोन ओळी एकाखाली एक लिहिल्या.

वाइल इश क्रांक बिन.
कारण मी आजारी आहे.

चार शब्द, चारही त्याच क्रमाने. वाइल म्हणजे कारण, इश म्हणजे मी, क्रांक म्हणजे आजारी, बिन म्हणजे आहे. मी बराच वेळ त्या दोन ओळींकडे बघत राहिले.

दुसरं वाक्य मी स्वतः शोधलं, म्हणून ते जास्त जवळचं. काळ, साधन आणि स्थळ एकाच वाक्यात आले की जर्मनमध्ये आधी काळ, मग साधन, मग स्थळ. शिकणाऱ्यांना हे एका लघुरूपाने पाठ करायला लावतात. इंग्रजीत साधारण उलटं चालतं, आधी ठिकाण आणि शेवटी उद्या-परवा. मी घरी फोनवर म्हणत होते, "मी उद्या रेल्वेन मुंबयक जातंय." फोन ठेवला आणि तेच जर्मनमध्ये म्हणून बघितलं: इश फारं मॉर्गन मिट डेम त्सूग नाख मुंबई. मॉर्गन म्हणजे उद्या, मिट डेम त्सूग म्हणजे रेल्वेने, नाख मुंबई म्हणजे मुंबईला. फक्त 'जातंय' तेवढं उचलून 'मी'च्या शेजारी आणून ठेवायचं, बाकी एक शब्दही हलवायला लागत नाही. पुढे माझी रीतच झाली. वाक्य मालवणीत मनात आणायचं आणि त्यातलं क्रियापद उचलून दुसऱ्या जागी ठेवायचं. 'कारण', 'की', 'जर' असलं तर तेही उचलायचं नाही.

भूतकाळाचंही तसंच. इश हाबं गेस्टर्न फिश गेगेसेन: मी काल मासे खाल्ले. हाबं पुढे आलेलं, पण खाल्ल्याचं 'गेगेसेन' सगळ्यात शेवटी, आपल्या 'खाल्लं'च्या जागी. समोरचा बोलत असला की वाक्य संपेपर्यंत त्याने मासे खाल्ले की विकले की फेकले ते कळत नाही, शेवटपर्यंत ऐकून घ्यावं लागतं. आपण मराठीत तेच तर करतो, म्हणून आपल्याला त्याची सवय असते, फक्त ती आहे हे कोणी सांगत नाही.

तीन लिंगांचं थोडं वेगळं. डेअर, डी, दास: तो, ती, ते. इंग्रजीतून किंवा हिंदीतून येणाऱ्याला तिसरं लिंग कशाला ते पटवून घ्यावं लागतं. आपल्याला नाही. पण कुठल्या वस्तूला कुठलं, ते जुळत नाही. चमचा डेअर, काट्याचा चमचा डी, सुरी दास. सूर्य तिकडे स्त्रीलिंगी आणि चंद्र पुल्लिंगी. माझ्या वर्गातल्या मुली 'दास मेडशेन'वर फार अडायच्या. मुलगी आणि नपुंसकलिंगी? मला त्यात अडण्यासारखं काही वाटलंच नाही. आमच्याकडे मुलगी म्हणजे चेडू, आणि ता चेडू इला, ता चेडू गेला. प्रमाण मराठी शिकताना शाळेत ज्याबद्दल हसू झालं होतं, ते मालवणी नपुंसकलिंग जर्मनच्या वर्गात माझ्या कामी आलं. हे मला सगळ्यांना सांगायचं होतं, पण तेव्हा वर्गात आमच्याकडचं कोणीच नव्हतं.

बाकीची लिंगं पाठच करावी लागली. त्यासाठी बाईंनी कार्डांची पेटी करायला लावली. झेबास्टियान लाइटनर नावाच्या जर्मन लेखकाने 1970च्या दशकात ही रीत लोकप्रिय केली. पेटीला पाच कप्पे. नवीन कार्ड पहिल्या कप्प्यात. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की कुठल्याही कप्प्यातून परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज बघायचा, पुढचे अधिकाधिक दिवसांनी. मी बुटांचा खोका घेतला आणि पुठ्ठ्याच्या पट्ट्या घालून कप्पे केले. पुल्लिंगी शब्द निळ्या पेनाने, स्त्रीलिंगी लाल, नपुंसकलिंगी हिरव्या. काही शब्द इतक्या वेळा परत आले की त्यांच्या कार्डांचे कोपरे मऊ पडले. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याला दुसरा रस्ता मला तरी सापडला नाही. नुसतं 'त्सिमर', म्हणजे खोली, पाठ करायचं नाही, 'दास त्सिमर' असं जोडूनच तोंडात बसवायचं, एवढं मात्र कळलं. आपण मराठीत 'बस आली', 'ट्रक आला', 'टेबल आणलं' हे असंच जोडून ऐकत शिकलो.

'त्सिमर'वरून आठवलं. तो सुरुवातीचा उच्चार आपल्याकडे आहे. 'चाक'मधला च आणि 'चार'मधला च वेगळे; जर्मन 'त्स' म्हणजे 'चाक'मधला च. बाईंनी हे सांगेपर्यंत मी तो स्पेलिंगमधलं अक्षर बघून ज किंवा झ असा म्हणत होते. 'ऊ'साठी ओठ गोल करून आतून 'ई' म्हणायचं, तो स्वर मात्र आपल्याकडे नाही. आरशासमोर आठवडे गेले. आणि आर्टिकल: 'एक' कधी, 'तो' कधी, काहीच नाही कधी. इथे मराठी काही मदत करत नाही, कारण आपण ते काम बिनशब्दांचं करतो. ह्यात माझ्या चुका अजून होतात.

बी-टूच्या परीक्षेत वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग आणि प्रत्येकात 100 पैकी 60 हवेत. तीन सुटले. ऐकण्यात मला 53 मिळाले. राहिलेला भाग तेवढा परत देता येतो. तीन महिने मी दुसरं काही केलं नाही, रोज तासभर जर्मन रेडिओच्या बातम्या ऐकल्या, आधी सावकाश वाचलेल्या आणि मग नेहमीच्या वेगाच्या. दुसऱ्या वेळी 70 आले. मार्च 2023 मध्ये मी श्टुटगार्टपासून तासाभराच्या अंतरावरच्या एका गावात पोहोचले. पहिल्या दिवशी रेल्वे स्टेशनवर चौकशी केली, तिकीट घेतलं, सगळं जर्मनमध्ये. त्या संध्याकाळी आईला सांगितलं, भाषेचो प्रश्न सुटलो.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात गेले आणि मला एक वाक्य कळेना.

हा सगळा भाग श्वाबिश बोलीचा. ह्या राज्याने, बाडेन-व्युर्टेम्बर्गने, स्वतःच्या जाहिरातीसाठी 1999 मध्ये एक घोषवाक्य केलं: आम्हाला सगळं येतं, फक्त प्रमाण जर्मन येत नाही. तिथल्या लोकांना ते मनापासून आवडतं. 'नमस्कार'ला 'ग्र्यूस गॉट', 'थोडंसं'ला 'अ बिस्ले', 'नाही'साठीचा 'निश्ट' कुठे दिसतच नाही, त्याच्या जागी 'नेट'. म्हाताऱ्या रुग्णांचं तर सलग एक गुणगुणणं ऐकू यायचं. माझ्या मान्यतेची प्रक्रिया चालू होती, तोवर मदतनीस म्हणून काम होतं: अंघोळ घालणं, कूस बदलणं, भरवणं, बेल वाजली की धावणं. बेल वाजली की पोटात गोळा यायचा. काम येत होतं, चार वर्षं केलेलं होतं, पण आत गेल्यावर ती व्यक्ती काय मागेल ते कळेल की नाही, ही भीती. संध्याकाळी खोलीवर येऊन दिवे न लावता झोपायचे. डोकं नुसतं ऐकण्यानेच दुखायचं. त्या काळात दिवसाला नऊ-नऊ तास झोप लागत असे.

आकड्यांनी एकदा घाबरवलं. ड्यूटी बदलताना एक जण पुढच्याला सगळ्या रुग्णांची माहिती तोंडी देतो, आपण कागदावर टिपत जायचं. एका रुग्णाच्या इन्सुलिनचे 'फीरउंटत्स्वान्त्सिश' युनिट सांगितले. फीर, चार, त्स्वान्त्सिश, वीस. मी ऐकत ऐकत लिहिलं, 4, मग 2. शेजारच्या सहकारी बाईंचं लक्ष माझ्या कागदावर गेलं आणि त्यांनी बोट ठेवलं. इन्सुलिन मी देणार नव्हते, पण तो आकडा माझ्या हाताने कागदावर पडला होता. 24च्या जागी 42. त्या रात्री मी खूप विचार केला. मराठीतही आपण आधी चारच म्हणतो: चोवीस. पंचेचाळीस, अडुसष्ट, ब्याण्णव, सगळीकडे एकक आधी. एकोणतीस, एकोणचाळीस अशा थोड्या आकड्यांची चाल तेवढी वेगळी. पण चोवीस ऐकून कोणी मराठी माणूस आधी 4 लिहीत नाही, कारण चोवीस हा त्याच्यासाठी एकच शब्द असतो. मी जर्मन आकडे इंग्रजीसारखे तुकड्यातुकड्यांनी ऐकत होते. दुसऱ्या दिवसापासून पूर्ण आकडा कानावर पडेपर्यंत पेन टेकवायचं नाही असं ठरवलं आणि मनात मराठीत म्हणायला लागले. हुंडर्टफ्युन्फउंटड्रायसिश, एकशे पस्तीस. शंभर, पाच, तीस. एकशे, पाच, तीस. रक्तदाब, वजन, ताप, सगळं मी आजही मनातल्या मनात मराठीतच ऐकते आणि मग लिहिते. त्यानंतर एकही आकडा उलटा पडलेला नाही.

बोलीचे शब्द पुस्तकात नव्हते, ते रुग्णांनी शिकवले. सहकारी नर्स म्हणाली, 'हेब माल!' पुस्तकात 'हेबेन' म्हणजे उचलणं. मी रुग्णाचा हात वर उचलला. ती म्हणत होती, धर जरा. श्वाबिशमध्ये 'हेबेन' म्हणजे धरणं. उचलण्याला दुसराच शब्द आहे. एक आजोबा 'टेपिश' मागत होते. टेपिश म्हणजे गालिचा, असं माझं कार्ड सांगत होतं. त्यांना पांघरूण हवं होतं. लोणी प्रमाण जर्मनमध्ये 'डी', इकडे सर्रास 'डेअर'. तेव्हा मला आमचं हॉस्टेल आठवलं. 'तो पेन' की 'ते पेन' ह्यावरून विदर्भातल्या आणि कोकणातल्या मुलींची अर्धी रात्र वाद व्हायचा, आणि दोघींचंही बरोबर असायचं.

हे सगळं मी जमवत होते तेव्हा त्या आजी भरती झाल्या. ऐंशीच्या पुढच्या, आल्बच्या डोंगरावरच्या एका खेड्यातल्या. न्यूमोनिया होता. 'आजी' मी फक्त मनात म्हणायचे. तिथे रुग्णाला आडनावाने आणि आदरार्थी 'झी'नेच हाक मारायची असते, आजी म्हटलं तर ते कमीपणाचं ठरतं. हेही शिकावं लागलं आणि ते मला व्याकरणापेक्षा जड गेलं. म्हाताऱ्या माणसाला अंघोळ घालताना तोंडातून नातं येत नाही, आडनाव येतं, ह्याची सवय व्हायला फार दिवस लागले.

तिसऱ्या संध्याकाळी आजी म्हणाल्या, 'मीर दुअट दर फुअस वे.' हे वाक्य मला पूर्ण कळलं आणि कळलं म्हणून आनंद झाला. मीर, मला. फुअस म्हणजे फूस, पाऊल. वे, दुखतंय. 'फूस' आणि 'बाइन' ह्यांतला फरक मी कार्डांवर चित्र काढून पाठ केला होता: घोट्याच्या खाली फूस, वर बाइन. मराठीत दोन्हींना पाय म्हणतो, म्हणून इथे चूक होईल, असं वहीत लाल पेनाने लिहून ठेवलं होतं. मी आजींचे मोजे काढले. टाच बघितली, लाल झाली नव्हती. घोटा बघितला, सूज नव्हती. बोटं हलवून बघितली. उशी ठेवून टाच अधांतरी केली आणि नोंद केली: उजव्या पावलात वेदना, सूज नाही, लाली नाही. दुसऱ्या दिवशी आजींनी परत तेच सांगितलं. मी परत तेच बघितलं. आजी माझ्याकडे बघत होत्या आणि मी त्यांच्या पावलाकडे.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फिजिओथेरपिस्ट आली, तिथलीच मुलगी. तिने विचारलं, कुठे? आजींनी हात उचलून जांघेशी ठेवला. दवाखान्यात येण्याआधी त्या न्हाणीघरात घसरल्या होत्या आणि तापाच्या गडबडीत ते कोणाला सांगायचं राहिलं होतं. एक्स-रे काढला तेव्हा ओटीपोटाच्या हाडाला चीर होती.

फिजिओथेरपिस्टने मला बाहेर कॉरिडॉरमध्ये सांगितलं, आमच्याकडे फूस कमरेपर्यंत असतो. श्वाबिशमध्ये बाइन फारसं कोणी म्हणतच नाही, बोटांपासून कमरेपर्यंत सगळा फूस.

मी तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले. बोटांपासून कमरेपर्यंत सगळा पाय. आमची आजी काठी टेकत पडवीत यायची आणि 'पाय दुखता गो' म्हणायची, तेव्हा कोणी तिच्या तळव्याकडे बघितलं नाही. आम्ही विचारायचो, खयसर? आणि ती मांडीवर नाहीतर ढोपरावर हात ठेवायची. ते वाक्य मला जन्मापासून येत होतं. 'मीर दुअट दर फुअस वे' म्हणजे 'माका पाय दुखता'. त्या आजींनी मला मालवणीत सांगावं तितकं सरळ सांगितलं होतं आणि मी ते पुस्तकाच्या कार्डावरून ऐकलं. दोन दिवस त्या दुखऱ्या हाडाने कूस बदलत होत्या, आणि ती कूस मी बदलत होते.

मला कोणी बोललं नाही. डॉक्टर म्हणाले, ह्या चिरेला तसंही शस्त्रक्रिया लागत नाही, वेदनाशामक आणि हळूहळू चालवणं, एवढंच. पण वेदनाशामक दोन दिवस आधी मिळालं असतं. मी आजींना जाऊन सांगितलं की माझी चूक झाली, मला फक्त पाऊल वाटलं. बोलीत सांगायचा प्रयत्न केला, तोडका-मोडका. त्यांनी माझा हात धरला, म्हणजे 'हेबेन' केला, आणि विचारलं, तुमच्याकडे पायाला काय म्हणतात? मी म्हटलं, पाय. कुठपर्यंत असतो? मी कमरेवर हात ठेवला. आजींनी मान हलवली, मग असंच असायला पाहिजे, असं काहीतरी म्हणाल्या.

त्यानंतर त्या जाईपर्यंत, दहा-बारा दिवस, अंघोळ घालताना रोज एकेक शब्द व्हायचा. त्या एक सांगायच्या, मी एक. हातमोजा घालताना मी म्हटलं, तुमच्याकडे 'हांटशू', हाताचा बूट. आमच्याकडे हाताचा मोजा. 'आउगेनब्लिक' म्हणजे क्षण, शब्दशः डोळ्याची नजर. मी त्यांना 'डोळ्याचं पातं लवतं न लवतं' सांगितलं. मसुरीची आमटी आणि त्यात शेवयांसारखे जाड स्पेट्झले हे त्यांच्याकडचं रोजचं जेवण, त्याची कृती त्यांनी मला सगळीच्या सगळी बोलीत सांगितली आणि मला ती कळली. घरी गेल्यावर लिहून काढली. ऐकण्याच्या परीक्षेत 70 मिळाले होते त्याहून ही मला मोठी वाटते.

तेव्हापासून वहीत चौथा रकाना आहे: जर्मन, इंग्रजी, मराठी-मालवणी आणि श्वाबिश. इंग्रजीचा बहुतेक रिकामाच राहतो. बोलीतला शब्द आला की मी आधी बघते, आपल्या घरी ह्याला काय म्हणतो. जुळतोच असं नाही. पण वॉर्डातला शब्द आणि घरातला शब्द समोरासमोर ठेवल्याशिवाय मी आता नोंद करत नाही, आणि दुखण्याबद्दल कोणीही काही सांगितलं तर विचारते: हात ठेवून दाखवा.

पुढच्या वर्षी माझं मान्यतेचं प्रशिक्षण पूर्ण झालं आणि प्रमाणपत्र आलं. 2020 पासून तिथे नर्सला 'प्फ्लेगंफाखफ्राउ' म्हणतात. तो शब्द बिनचूक म्हणायला मला आठवडा लागला होता. संध्याकाळी आईला फोन केला. तिने देवाला नारळ ठेवते म्हणून सांगितलं, आणि मग इकडच्या-तिकडच्या गोष्टी. भात लावून झाला, पाऊस लागून आहे. फोन ठेवता ठेवता म्हणाली, "ह्यो पाय काय ऱ्हवना नाय गो, दुखताच."

"खयसर?"

"पाय गो. पाय दुखता."

"आये, व्हिडिओ चालू कर. हात ठेवन दाखय."

फोन हलला, छप्पर दिसलं, मग साडीचा काठ. आईने हात ठेवला तो ढोपराच्या मागे, पोटरीवर. पोटरी फुगलेली होती आणि दुसरीपेक्षा जाड दिसत होती. मी भावाला तिथूनच सांगितलं, गाडी काढ आणि आत्ता घेऊन जा.